मुंबई ते सिडनी: लांबच्या प्रवासाची तयारी उतरण्याच्या टोकापासून करा

सिडनीला सुट्टीसाठी पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण विमानातल्या वेळेची तयारी करतात: मानेची उशी, खाऊ, सिनेमे. पण खरा कस लागतो तो विमान टेकल्यानंतरच्या तासाभरात. पाय जड झालेले असतात, डोळे चुरचुरत असतात आणि नेमकं तेव्हाच प्रवेशाचं कार्ड (सोबत काय आणलं आहे ते जाहीर करणारा कागद) दाखवायचं, अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, बॅगेतल्या खाण्याचा हिशोब सांगायचा. त्या तासाची तयारी घरी बॅग भरतानाच करावी लागते. म्हणून हा लेख त्या टोकाकडे नजर ठेवून लिहिला आहे. उदाहरण घेतलं आहे मुंबईहून सिंगापूरमार्गे सिडनीचं, कारण महाराष्ट्रातून निघणारी पुष्कळ कुटुंबं याच वाटेने जातात. आई-बाबांना सोबत नेणार असाल तर हे सगळं त्यांनाही निघण्याआधी वाचून दाखवा.

१. तिकीट काढताना: कधी पोहोचणार ते आधी बघा

मुंबई ते सिंगापूर साधारण साडेपाच तास, तिथून सिडनी जवळजवळ आठ तास. मधला थांबा धरला की पंधरा तासांच्या पुढे जातं. स्वस्त तिकीट शोधताना आपण निघण्याची वेळ बघतो. माझं सांगणं उलटं आहे: सिडनीत उतरण्याची वेळ आधी बघा.

सिडनी विमानतळावर रात्री ११ ते पहाटे ६ विमानांना बंदी असते. त्यासाठी १९९५ चा स्वतंत्र कायदाच आहे. त्यामुळे रात्रभर उडत आलेली विमानं सहानंतर एकामागोमाग उतरतात आणि पासपोर्टची रांग लांबते. त्या रांगेतून सुटून आठ-नऊला हॉटेलवर पोहोचलात तरी खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. लहान मूल किंवा वयस्कर माणूस सोबत असेल तर हे पाच-सहा तास फार जड जातात.

मी सुचवेन ती जोडणी अशी: मुंबईहून रात्री उशिरा निघणं, सकाळी सिंगापूर, तिथून सकाळचंच पुढचं विमान आणि संध्याकाळी सिडनी. खोली तयार असते, बाहेर अंधार असतो आणि थकलेलं शरीर झोपायला राजी होतं. सकाळी उतरणारंच तिकीट घ्यावं लागलं, तर हॉटेलला आधी लिहून लवकर खोली मिळेल का ते विचारा. निदान सामान ठेवून घेण्याची सोय तरी नक्की करून घ्या.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असू द्या. वेगवेगळी तिकिटं घेतली तर सिंगापूरमध्ये बॅगा उतरवून पुन्हा चेक-इन करायची पाळी येऊ शकते. त्यासाठी त्या देशात प्रवेश घ्यावा लागतो आणि व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर दुसऱ्या कंपनीवर कसलीच जबाबदारी नसते.

तिकीट झालं की लगेच जेवण नोंदवा. भारतीय पद्धतीचं शाकाहारी जेवण हवं असेल तर ‘एव्हीएमएल’, कांदा-लसूण नसलेलं जैन जेवण हवं असेल तर ‘व्हीजेएमएल’. ‘व्हीजीएमएल’ हे नाव बघून पुष्कळ जण फसतात. ते दूध-दही वर्ज्य असलेलं आणि बहुधा पाश्चात्त्य पद्धतीचं जेवण असतं. ही नोंद किमान २४ तास आधी लागते. दोन्ही टप्प्यांसाठी ती झाली आहे ना, हे वेगवेगळं तपासा.

२. कागदपत्रं

ऑस्ट्रेलियाचा पर्यटक व्हिसा म्हणजे ‘सबक्लास ६००’. पासपोर्टवर शिक्का किंवा चिकटपट्टी येत नाही, ईमेलवर मंजुरीचं पत्र येतं. त्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी असतात: कुठल्या तारखेपर्यंत देशात शिरता येईल आणि शिरल्यापासून किती दिवस राहता येईल. या दोन्हींत गल्लत करू नका. पत्रातलं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक अक्षर न् अक्षर ताडून बघा. पासपोर्ट नवा केला असेल तर तो व्हिसाशी जोडून घ्यावा लागतो.

हे सगळं छापून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि तो फोल्डर हँडबॅगेतच असू द्या:

- पासपोर्ट, निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला
- व्हिसा मंजुरीचं पत्र
- जाण्या-येण्याची तिकिटं
- मुक्कामाचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर. नातेवाइकांकडे राहणार असाल तर त्यांचाही
- प्रवासविम्याची प्रत
- डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, औषधांच्या मूळ नावांसह
- एक निळं किंवा काळं पेन

विमा टाळू नका. तिथल्या सरकारी आरोग्य योजनेत भारतीय पर्यटकांना सवलत नाही आणि इस्पितळाचा खर्च अंगावर आला तर सुट्टीचं सगळं बजेट त्यातच जातं. विमा घेताना रक्तदाब, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया हे सगळं अर्जात लिहा. लपवलेल्या आजाराचा दावा नाकारला जातो.

३. बॅग भरताना: फराळाच्या डब्याचा प्रश्न

या पायरीवर मी मुद्दाम जास्त वेळ थांबणार आहे, कारण मराठी घरातली सगळी अडचण इथेच असते. भाचीकडे जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं? मग पेढे, तुपातले लाडू, परसातला कढीपत्ता, देवळातला प्रसाद, शेतातले मेथीदाणे, सगळं बॅगेत जातं.

ऑस्ट्रेलिया या बाबतीत इतका कडक का, हे एकदा समजून घेतलं की राग येत नाही. तो देश चारही बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. जनावरांचा लाळ्या-खुरकत, जो आपल्याकडच्या शेतकऱ्याला चांगला ठाऊक आहे, तो तिथे नाही. धान्याला लागणारा खपरा भुंगाही तिथे ठाण मांडून नाही. मांस, दूध, गहू यांची निर्यात हा त्या देशाचा मोठा आधार आहे. एका डब्यातून आलेली कीड किंवा रोगजंतू त्यांच्या शेतकऱ्यांना उद्ध्वस्त करू शकतो.

नियम एका वाक्यात सांगायचा तर असा: काय नेता त्यापेक्षा ते सांगता की नाही, हे महत्त्वाचं. खाण्याची वस्तू कार्डावर जाहीर केलीत आणि ती चालत नसेल, तर ती ठेवून घेतात आणि तुम्ही पुढे जाता. लपवलीत आणि सापडली, तर दंड होतो. गंभीर प्रकरणात पर्यटक व्हिसा रद्द करून परत पाठवण्याचा अधिकारही त्यांना आहे.

घरीच ठेवा: ताजी फळं आणि भाज्या, कढीपत्ता, विड्याची पानं, फुलांचे हार-गजरे, ओली हळद, पेढे, बर्फी, गुलाबजाम यांसारख्या दुधाच्या मिठाया, सुकी मासळी, कुठल्याही प्रकारचं मांस, पेरलं तर उगवेल असं बियाणं, गोमूत्र. तुळशीचं रोपच काय, त्याची मातीही नको.

न्यायचंच असेल तर कोरडं, दुकानातलं, सीलबंद आणि वर इंग्रजीत घटक छापलेलं न्या. भाजणीच्या चकल्या, पोह्यांचा चिवडा, दळलेला मसाला अशा गोष्टी अधिकारी पाहतात आणि ठरवतात. घरचा डबा असेल तर त्यात काय काय आहे हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. सगळं खाणं एकाच पिशवीत, बॅगेत सगळ्यात वर ठेवा. चार बॅगांत विखुरलेले डबे शोधताना होणारी ओढाताण त्यामुळे वाचते.

खाण्याखेरीज इतर गोष्टीही जाहीर कराव्या लागतात: लाकडी मूर्ती, रुद्राक्षाची किंवा तुळशीची माळ, बांबूच्या वस्तू, पिसं, आयुर्वेदिक चूर्णं आणि काढे. बुटांचे तळ घासून धुवा. गेल्या ३० दिवसांत शेतावर किंवा गुराढोरांजवळ गेला होतात का, असा प्रश्न कार्डावर असतो. गावाकडे जाऊन आला असाल तर ‘हो’ लिहा. स्वच्छ बूट दाखवले की विषय तिथेच संपतो.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांवर तर मुंबईतच अडवतात. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात ते धोकादायक सामान मानलं जातं.

एवढं सगळं वाचून जीव दडपला असेल तर हेही लक्षात घ्या की सिडनीच्या हॅरिस पार्क आणि पॅरामॅटा भागात डाळ, पीठ, लोणचं, मसाले सगळं मिळतं. भाचीला पेढे तिथल्या दुकानातून घेऊन द्या. तिला आनंद तेवढाच होईल.

४. हँडबॅग: पुढच्या चोवीस तासांचं घर

मोठी बॅग एक दिवस उशिरा आली तरी अडू नये, अशी हँडबॅग भरा. एक पूर्ण कपड्यांचा जोड, पातळ स्वेटर, दात घासायचं सामान आणि सगळी औषधं. औषधं मूळ पाकिटांत, चिठ्ठीसह आणि तीन महिन्यांना पुरतील त्याहून जास्त नकोत. इन्शुलिन मोठ्या बॅगेत कधीही टाकू नका. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकतं. गोळ्यांच्या वेळा बदलत्या घड्याळात कशा घ्यायच्या, हे आपल्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा.

पॉवर बँक फक्त हँडबॅगेत चालते आणि १०० वॅट-तासांपर्यंतच बिनपरवानगी नेता येते. काही कंपन्या विमानात ती वापरूही देत नाहीत, म्हणून फोन निघण्यापूर्वीच भरून घ्या. तूप, लोणचं, चटणी हे सुरक्षा तपासणीत द्रव पदार्थांत मोडतं. १०० मिलिलीटरपेक्षा मोठी बाटली तिथेच काढून ठेवायला लावतात.

ऑस्ट्रेलियातला प्लग तीन चपट्या पिनांचा, वरच्या दोन तिरक्या असलेला असतो. त्याचं अडॅप्टर इथूनच घ्या. वीज २३० व्होल्ट, म्हणजे आपले चार्जर चालतात.

५. घड्याळ बदला, मगच विमानात बसा

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत सिडनी आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं, एरवी साडेचार तास. मुंबईत रात्रीचे साडेअकरा वाजलेले असताना तिथे डिसेंबरात पहाटेचे पाच वाजलेले असतात. पूर्वेकडे जाताना शरीराला नेहमीपेक्षा लवकर झोपायला आणि लवकर उठायला लावावं लागतं, म्हणून हा प्रवास परतीच्या प्रवासापेक्षा जड जातो. निघण्याच्या तीन-चार दिवस आधीपासून रोज अर्धा-पाऊण तास लवकर झोपा. मुलांच्या बाबतीत याचा फार उपयोग होतो.

मुंबई ते सिंगापूर हा टप्पा झोपेचा. घरून जेवून निघा, विमानातलं उशिराचं जेवण नको म्हणून सांगा, डोळ्यांवर पट्टी घ्या आणि झोपा. साडेपाच तासांतले चार तरी मिळवायचेत, आणि जेवणाची वाट बघण्यात दीड तास जातो. सिंगापूर ते सिडनी हा टप्पा जागं राहण्याचा. दुपारी थोडी डुलकी चालेल, पण तासाभराच्या वर नको, नाहीतर रात्री हॉटेलात टक्क जागे राहाल.

६. आसनावरचे तास

विमानाच्या केबिनमधली हवा वाळवंटासारखी कोरडी असते आणि दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. घसा सुकणं, डोकं जड होणं, पोट फुगणं यांतलं बरंचसं त्यामुळे होतं. उपाय साधे आहेत: दर तासाला थोडं थोडं पाणी, सैल सुती कपडे, कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा. दारू आणि चहा-कॉफीने झोप बिघडते. निघण्याच्या दिवशी वांगी-बटाट्याची तिखट भाजी आणि छोले टाळा, पोटातला वायू उंचीवर प्रसरण पावतो.

पाय लोंबकळत ठेवून तासन् तास बसल्याने पोटऱ्यांमधल्या रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. वयस्कर माणसं, गरोदर स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनी डॉक्टरांना विचारून दाबाचे मोजे वापरावेत. बाकी सगळ्यांनी दर दीड-दोन तासांनी उठून एक फेरी मारावी आणि बसल्या जागी घोटे फिरवावेत. आई-बाबांसाठी वाटेकडेचं आसन घ्या. खिडकीशी बसलेला माणूस शेजाऱ्याला त्रास नको म्हणून पाणीच पीत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

विमान उतरायला लागलं की लहान बाळाला दूध पाजा, मोठ्यांनी गोड गोळी चघळावी. गिळण्याच्या क्रियेने कानातला दाब मोकळा होतो. झोपलेल्यांना उतरण्याच्या अर्धा तास आधी उठवा.

७. सिंगापूरचा थांबा

चांगी विमानतळावर १, २ आणि ३ ही टर्मिनल्स छोट्या ट्रेनने जोडलेली आहेत. उतरल्याबरोबर फलकावर पुढचं गेट बघा, मग बाकीचं. इथे बऱ्याच गेटांवर सुरक्षा तपासणी गेटपाशीच होते, म्हणून तिथे बाटली भरून नेऊ नका आणि शेवटच्या क्षणी पोहोचू नका. तोंड धुवा, दात घासा, बनियन-सॉक्स बदला, वीस मिनिटं चाला. दुसऱ्या टप्प्याला त्याने खूप फरक पडतो.

८. कार्ड भरताना

उतरण्याआधी प्रत्येक प्रवाशाला प्रवेशाचं कार्ड भरावं लागतं, लहान मुलांचंही. ते इंग्रजीतच भरायचं असतं. काही मार्गांवर ते आता मोबाईलवर भरता येतं, प्रश्न जवळपास तेच. इथे तुमचं पेन आणि फोल्डर कामी येतं, कारण मुक्कामाचा पत्ता त्यात लिहावा लागतो.

कार्डावर कायदेशीर सही असते, म्हणून प्रश्न वाचूनच उत्तर द्या. सगळीकडे घाईने ‘नाही’ करत जाणं हा सगळ्यात महागात पडणारा सापळा आहे. औषधं आहेत? ‘हो’. खाणं आहे? ‘हो’, चिवड्याचं एक पाकीट असलं तरी. शंका आली की ‘हो’. इतर सामानाची मर्यादा अशी: प्रौढ माणसाला ९०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू, २.२५ लिटर दारू. रोख दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा त्याहून जास्त, कुठल्याही चलनात असली तरी, सांगावी लागते.

आणि विमानात मिळालेलं सफरचंद, दही, सँडविच पिशवीत टाकून उतरू नका. खा किंवा तिथेच सोडा. आईंना अन्न टाकवत नाही, त्या हळूच पर्समध्ये ठेवतात. उतरण्यापूर्वी पर्स एकदा प्रेमाने तपासा.

९. उतरल्यावरचा क्रम

पासपोर्ट तपासणी, मग सामानाचा पट्टा, मग कार्ड दाखवून बाहेर. अधिकारी विचारतो ते साधं असतं: कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार. उत्तरही तेवढंच द्या. आई-बाबांना इंग्रजी अवघड वाटत असेल तर कुटुंबाने एकत्र पुढे जावं.

सामानाजवळ कुत्रा हुंगत आला तर घाबरू नका, हात लावू नका, ट्रॉली धरून उभे राहा. आधी त्या बॅगेत आंबा ठेवला होता एवढ्यानेही तो थांबू शकतो. अधिकाऱ्याने बॅग उघडायला सांगितली तर वरची खाण्याची पिशवी काढून द्या. जाहीर केलेल्या माणसाशी ही मंडळी सभ्यपणे वागतात.

१०. विमानतळ ते शहर

रेल्वे स्टेशन आंतरराष्ट्रीय टर्मिनलच्या खालीच आहे आणि शहरातल्या सेंट्रल स्टेशनला पंधरा मिनिटांच्या आत गाडी पोहोचते. संपर्करहित (कॉन्टॅक्टलेस) बँक कार्ड आत जाताना आणि बाहेर पडताना टेकवायचं. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. विमानतळाच्या स्टेशनवर नेहमीच्या भाड्याव्यतिरिक्त वेगळं शुल्क लागतं, म्हणून चार जण आणि चार बॅगा असतील तर टॅक्सीचा हिशोब करून बघा.

तिथलं सिम किंवा ई-सिम घेतलंत तरी भारतीय सिमवर रोमिंग चालू ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि कार्ड हातात असून पैसे अडतील. आणीबाणीचा नंबर ०००. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

११. पहिले दोन दिवस

पहिल्या सकाळी लवकर उठून उन्हात पळू नका. सिडनीत डिसेंबरात सकाळचे नऊ म्हणजे तुमच्या शरीराची पहाटेची साडेतीन. त्या वेळचा प्रखर उजेड शरीराचं घड्याळ उलट्या दिशेला ढकलू शकतो. साधारण अकरानंतरचा उजेड कामाचा. तेव्हा ‘सर्क्युलर की’ या शहरातल्या बोटींच्या धक्क्यावर जा आणि मॅनली या किनाऱ्यावरच्या उपनगराची फेरी बोट पकडा. अर्ध्या तासात ऑपेरा हाउस, हार्बर ब्रिज आणि खाडी सगळं डोळ्यांपुढून जातं, तेही बसल्या बसल्या, वाऱ्यावर. आई-बाबांना चालावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत टोपी आणि सनस्क्रीन हवंच, तिथलं ऊन आपल्यापेक्षा जास्त भाजतं. मे-जूनच्या सुट्टीत गेलात तर तिथे थंडीची चाहूल असते, संध्याकाळी जाकीट लागतं.

दुपारी झोप आली तर गजर लावून वीस मिनिटं. रात्री दहाला झोप आली नाही तर मोबाईल बाजूला ठेवून अंधारात नुसतं पडून राहा. ब्लू माउंटन्स या डोंगराळ भागाची सहल तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी ठेवा. तिथल्या कटूम्बा गावाला ट्रेनने दोन तास जायचे आणि दोन यायचे, शिवाय तिथे चढउतार आहे.